परदेशात विमान शिकायचे, पण कोणत्या शाळेत?

भिलाईच्या सेक्टरमधल्या मराठी घरांत मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की पूर्वी दोनच वाटा ठरलेल्या असत, इंजिनिअरिंग नाही तर मेडिकल. कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे शिफ्ट केलेल्या वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड कशासाठी राखून ठेवला आहे, हेही घरात सर्वांना ठाऊक असे. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि उरलेच काही तर नागपूर-पुण्याकडे एखादा फ्लॅट. अशाच एखाद्या घरात आता बारावी झालेली मुलगी किंवा नुकताच नोकरीला लागलेला मुलगा जाहीर करतो, "मला विमान चालवायला शिकायचे आहे आणि त्यासाठी परदेशात जायचे आहे." वडिलांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "खर्च किती?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नसावा. या निर्णयात घरची आयुष्यभराची पुंजी पणाला लागू शकते. म्हणून खर्चाचा आकडा विचारण्याआधी आणखी दोन-तीन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

शिकण्यासाठी परदेशी जाणे भिलाईला नवे नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघात भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला आणि त्यानंतर इथले अनेक तरुण इंजिनिअर प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या तरुणांना कोठे पाठवायचे, काय शिकवायचे आणि परतल्यावर कोठे कामाला लावायचे, हे सारे सरकारने ठरवले होते. आज विमान शिकायला निघालेल्या मुलाच्या बाबतीत हे तिन्ही निर्णय घरच्यांनाच घ्यावे लागतात. नेमके इथेच अनेक जण गोंधळतात.

परवाना कशाचा?

सर्वांत मोठा गैरसमज परवान्याच्या नावातच दडलेला असतो. खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला म्हणजे मुलगा निम्मा पायलट झाला, आता एअरलाइनची नोकरी दोन पावलांवर, असे अनेक पालकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. या परवान्यावर विमान स्वतःसाठी चालवता येते, घरच्यांना किंवा मित्रांना सोबत नेता येते. मोबदला घेऊन मात्र उड्डाण करता येत नाही. मोटारीच्या भाषेत बोलायचे तर ही खासगी गाडी आहे, टॅक्सीचा परमिट नव्हे.

भारतात खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते, तर व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे. आधी केलेले तास लॉगबुकात राहतात आणि पुढे मोजले जातात, त्यामुळे ते वाया जात नाहीत हे खरे. पण उरलेल्या तासांचा खर्च, त्याच्या परीक्षा आणि शेवटी एअरलाइनसाठी मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, हा सगळा डोंगर समोर तसाच उभा असतो.

म्हणून घरात बसून मुलाला सरळ विचारावे, तुला छंद म्हणून उडायचे आहे की पोटापाण्यासाठी? छंदासाठी असेल तर तो स्वतःच्या कमाईतून, झेपेल तेवढाच करावा. नोकरीसाठी असेल तर केवळ खासगी परवाना देणारी शाळा शोधण्यात अर्थ नाही. मग पुढचा पूर्ण अभ्यासक्रम आणि त्याचा पूर्ण खर्च डोळ्यांसमोर ठेवूनच शाळा पाहावी. हे उत्तर मिळेपर्यंत एकाही शाळेचे माहितीपत्रक उघडू नये.

आधी डॉक्टर, मग शाळा

दुसरी पायरी वैद्यकीय तपासणीची. भारतात खासगी परवान्यासाठी द्वितीय श्रेणीची तपासणी लागते आणि ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्यावी लागते. व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणीची, अधिक कडक तपासणी असते. दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, कान, हृदय, रक्तदाब असे सगळे त्यात पाहिले जाते. चष्मा आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही, चष्म्याने दृष्टी हवी तितकी सुधारत असेल तर तो चालतो. रंगांधळेपणा मात्र अनेकदा अशा तपासणीतच पहिल्यांदा लक्षात येतो. हिरवा आणि लाल यांत घोटाळा होतो हे वीस वर्षे कोणाच्या ध्यानातच आलेले नसते.

परदेशातल्या शाळा त्यांच्या देशाची वैद्यकीय तपासणी करून घेतात आणि तेवढ्यावर प्रवेश देतात. पण तिकडे पास झालेला मुलगा इथेही पास होईलच याची हमी कोणी देत नाही. म्हणून ज्याला पुढेमागे भारतात उडायचे आहे, त्याने भारतीय तपासणी आधी उरकून घ्यावी. नोकरीचे ध्येय असेल तर प्रथम श्रेणीचीही करून घ्यावी. तपासणीचे शुल्क परदेशी शाळेच्या फीच्या तुलनेत किरकोळ असते. त्यात नकार आला तर दुःख होईल, पण घरचे लाखो रुपये वाचतील.

परवाना तिकडचा, आकाश इकडचे

प्रत्येक देश आपापला परवाना देतो. १९४४ च्या शिकागो करारामुळे जगभरच्या नियमांचा पाया सारखा झाला असला, तरी अमेरिकेचा परवाना खिशात आहे म्हणून रायपूरच्या विमानतळावर भारतीय नोंदणीचे विमान घेऊन निघता येत नाही. तो परवाना भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी परदेशी परवान्याची पडताळणी होते, भारतीय हवाई नियमांची परीक्षा द्यावी लागते, भारतीय वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवानाही लागतो. यात महिने जातात. शाळेकडून तासांचा दाखला, लॉगबुकवरील सह्या आणि प्रशिक्षणाच्या नोंदी नीट मिळाल्या नसतील, तर ते आणखी लांबते.

परवाना बदलून झाल्यावरही उडण्याची पद्धत वेगळी असते. अमेरिकेत स्वच्छ हवामानात, नियंत्रण मनोरा नसलेल्या छोट्या धावपट्टीवरून एखादा शिक्षक किंवा शेतकरी आपले विमान काढून शेजारच्या गावी जाऊन येतो, त्याला कोणाला कळवावेही लागत नाही. भारतात विमानतळापासून दूर जायचे तर उड्डाणाचा आराखडा आणि हवाई दलाकडून मिळणारा परवानगी क्रमांक लागतो. तिकडे हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, इकडे हेक्टोपास्कलमध्ये. भिलाईजवळ नंदिनीला पोलाद कारखान्याची धावपट्टी आहे, पण धावपट्टी असणे वेगळे आणि रविवारी सकाळी तासाच्या भाड्याने विमान मिळणे वेगळे.

खर्चाचेही तसेच. लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांना लागणारे एव्हिएशन गॅसोलीन वर्षानुवर्षे आयात होत होते. इंडियन ऑइलने त्याचे देशी उत्पादन बाजारात आणले ते २०२२ मध्ये. हौशी उड्डाण आपल्याकडे महाग आणि दुर्मिळ राहिले त्याचे हेही एक कारण.

मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण इथे आठवते. तरुण वयात ते वैमानिक प्रशिक्षणासाठी अमेरिकेला गेले. तिथे लहान खासगी विमानांचे मोकळे जग त्यांनी पाहिले आणि आपणही विमान बांधायचे हे मनाने घेतले. कांदिवलीतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. परंतु त्या विमानाची भारतात नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडावे लागले आणि उड्डाण चाचणीच्या परवानगीला आणखी दोन वर्षे लागली. परदेशात शिकलेले इथे उपयोगी पडते, पण त्यासाठी इथल्या नियमांतून जावे लागते आणि चिकाटीही लागते, असा याचा अर्थ. ज्याला वर्षातून दोनदा परदेशी जाणे शक्य आहे आणि तिथेच भाड्याने विमान घेऊन उडायचे आहे, त्याला हा प्रश्न कमी जाणवेल. बाकीच्यांनी भारतात आपण कोठे आणि कोणते विमान उडवणार, याचे उत्तर जाण्यापूर्वीच शोधून ठेवावे.

देश निवडताना

एवढे ठरल्यावर देशाकडे वळता येते. खासगी परवान्यासाठी किमान तास देशागणिक थोडे बदलतात. अमेरिकेत सर्वसाधारण नियमानुसार ४०, तर सरकारमान्य अभ्यासक्रमाच्या शाळेत ३५. कॅनडा, ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेत ४५, न्यूझीलंडमध्ये ५०. पण पाच-दहा तासांच्या या फरकावरून देश निवडणे शहाणपणाचे नाही. खरा फरक पडतो तो हवामानाने.

लहान विमानाचा विद्यार्थी डोळ्यांनी जमीन पाहत उडतो. ढग खाली उतरले, पाऊस आला, वारा आडवा झाला की त्या दिवशीचा धडा रद्द. ब्रिटनच्या हिवाळ्यात असे दिवस अनेक येतात. कॅनडात थंडीचा कडाका आणि लहान दिवस, तर फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी गडगडाटी वादळे ठरलेली. ॲरिझोनात आकाश बहुतेक वर्षभर निरभ्र, पण उन्हाळा भिलाईच्या मे महिन्याची आठवण करून देणारा. तापलेली हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. त्यामुळे तिथे उन्हाळ्यात पहाटेच उड्डाणे उरकतात. विद्यार्थ्याची तीन महिन्यांची सुट्टी नेमकी वाईट हंगामात येत असेल, तर उत्तम शाळाही त्याला वेळेत परवाना मिळवून देऊ शकत नाही. राहणे-जेवणे मात्र रोजच्या रोज चालूच राहते.

भाषेचाही विचार करावा. पुस्तकी इंग्रजी येणे निराळे आणि कानात इंजिनाचा आवाज घुमत असताना नियंत्रकाची भरभर आलेली सूचना एका दमात समजून ती परत म्हणून दाखवणे निराळे. अनेक विद्यार्थी विमान सांभाळायला लवकर शिकतात आणि रेडिओवर मात्र अडखळतात. निघण्यापूर्वी दोन महिने रेडिओ संभाषणाचा सराव केला, तर तिकडचे कित्येक महागडे तास वाचतात.

किमान तास आणि खरा खर्च

शाळांच्या जाहिरातीत जो आकडा असतो तो बहुधा किमान तासांवर बेतलेला असतो. प्रत्यक्षात किमान तासांत परवाना मिळवणारे थोडे. अमेरिकेत बहुतेकांना ६० ते ७५ तास लागतात, असे तिकडच्या प्रशिक्षकांकडूनच सर्रास सांगितले जाते. समजा, विमान आणि प्रशिक्षक मिळून तासाला २०० डॉलर पडतात. ४० तासांचे झाले ८,००० डॉलर. तेच ६५ तास लागले तर १३,०००. पाच हजार डॉलरची ही तफावत कोणी फसवल्यामुळे येत नाही, ती आधीच धरायला हवी होती इतकेच.

भाड्यात इंधन धरले आहे का, हे विचारावे. तास कोणत्या मीटरने मोजतात, तेही विचारावे. इंजिन सुरू झाल्यापासून घड्याळासारखा चालणारा मीटर असेल, तर धावपट्टीवर रांगेत थांबण्याचेही पैसे पडतात. इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणारा मीटर तेवढ्या वेळेत हळू सरकतो. याशिवाय जमिनीवरील वर्ग, पुस्तके, हेडसेट, विमा, लेखी परीक्षा आणि शेवटच्या उड्डाण चाचणीत परीक्षकाचे शुल्क हे सर्व वेगळे असू शकते. चाचणीत नापास झाल्यास पुन्हा शुल्क. अमेरिकेत अलीकडच्या काळात परीक्षकाची तारीख मिळण्यासाठी कित्येक आठवडे थांबावे लागल्याची उदाहरणे आहेत. तेवढ्या दिवसांचा राहण्याचा खर्च कोणत्याच माहितीपत्रकात नसतो. म्हणून हिशेब मांडताना शाळेच्या आकड्यावर निदान दीडपट रक्कम हाताशी असल्याशिवाय निघू नये.

शाळेला काय विचारावे?

उड्डाण शाळेची पारख इमारतीवरून किंवा माहितीपत्रकावरून होत नाही. ती काही साध्या प्रश्नांवरून होते. शाळेकडे चालू स्थितीतील विमाने किती आणि सध्या शिकणारे विद्यार्थी किती? एका विद्यार्थ्याला आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळा उडायला मिळते? विमानांची देखभाल शाळेतच होते की बाहेर, आणि एक विमान दुरुस्तीला गेले तर पर्यायी विमान आहे का?

प्रशिक्षकाबद्दल नेमके विचारावे. अमेरिकेत २०१३ पासून एअरलाइनमध्ये सहवैमानिक होण्यासाठीही साधारण १,५०० तासांचा अनुभव लागतो. त्यामुळे तिकडचे अनेक तरुण प्रशिक्षक तास जमवण्यासाठी शिकवतात आणि ते पूर्ण झाले की निघून जातात. त्यात गैर काही नाही, पण विद्यार्थ्याला मध्येच नवा गुरू मिळतो आणि तो आधीचे चार धडे पुन्हा तपासून घेतो. ते तास विद्यार्थ्याच्या खिशातून जातात. प्रशिक्षक किती दिवसांपासून शाळेत आहे आणि तो गेला तर व्यवस्था काय, हे लिहून घ्यावे.

शाळेने दिलेल्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या यादीवर विसंबू नये. अलीकडेच शिकून परतलेल्या दोन-तीन भारतीय विद्यार्थ्यांशी स्वतः बोलावे आणि त्यांना एकच विचारावे, तुम्हाला एकूण किती तास, किती महिने आणि किती पैसे लागले? खरे उत्तर तिथेच मिळते.

पैसे आणि कागदपत्रे

शाळा कितीही नामांकित असली तरी संपूर्ण फी आगाऊ भरू नये. उड्डाण शाळा हा खर्चिक धंदा आहे. विमाने हप्त्यांवर घेतलेली असतात, एखादा वाईट हंगाम आला की शाळा डबघाईला येते. अर्ध्यातच बंद पडलेल्या शाळेकडून पैसे परत मिळवण्यासाठी भिलाईहून परक्या देशात वकील करणे कोणाला परवडणार? जेवढे उडाल तेवढे भरा किंवा टप्प्याटप्प्याने भरा, अशी सोय देणारी शाळा पसंत करावी. मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, हे करारात लेखी असावे. मध्यस्थामार्फत प्रवेश घेत असाल तर त्याला किती दिले आणि शाळेला प्रत्यक्ष किती पोहोचले, याच्या वेगवेगळ्या पावत्या मागाव्यात.

व्हिसाच्या बाबतीत तर पुरती दक्षता हवी. अमेरिकेत परवान्याचे प्रशिक्षण पर्यटक व्हिसावर घेता येत नाही, विद्यार्थी व्हिसाच लागतो. त्यासाठीचे प्रवेशपत्र देण्याचा अधिकार सर्वच शाळांना नसतो, तो आहे की नाही हे आधी तपासावे. उड्डाण प्रशिक्षणाला सामान्यतः मिळणाऱ्या व्हिसावर शिकत असताना नोकरी करता येत नाही, त्यामुळे हॉटेलात काम करून खर्च भागवीन ही कल्पना सोडून द्यावी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर परदेशी विद्यार्थ्यांची सुरक्षा तपासणीही होते आणि ती मंजूर झाल्याखेरीज प्रशिक्षण सुरू होत नाही. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला वेगळा शिक्षण परवाना लागत नाही. पण हवामानाने अभ्यासक्रम लांबला तर काय, याचा विचार आधीच करावा.

घराजवळचा पर्याय

हे सर्व पाहिल्यावर परदेशीच का जायचे, हा प्रश्नही मोकळेपणाने विचारावा. दुर्गहून मुंबईच्या रेल्वेमार्गावर डोंगरगडच्या पुढे गोंदिया लागते. त्याच्या जवळ बिरसी विमानतळावर व्यावसायिक वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. नोकरीचे ध्येय असणाऱ्या भिलाईच्या मुलाने परदेशाची चौकशी करण्यापूर्वी ही संस्था पाहून यावी. बारामतीला उड्डाण शाळा आहेत. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला चालते. जे. आर. डी. टाटा मुंबईतच विमान शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

अगदी अलीकडचे उदाहरण मुंबईच्या आरोही पंडितचे. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेली ही मुलगी मे २०१९ मध्ये एका इंजिनाच्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक पार करून गेली. स्कॉटलंडमधील विक येथून निघून आइसलंड आणि ग्रीनलंडला थांबत ती कॅनडातील इकालुइटला पोहोचली. हलक्या क्रीडा विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली महिला ठरली. मायदेशी शिकल्यामुळे तिचे काही अडले नाही.

परदेशाचे फायदेही आहेत. तिथे विमाने पुष्कळ, छोट्या धावपट्ट्या पुष्कळ आणि तास लवकर पूर्ण होतात. ज्याच्याकडे मोजकी सुट्टी आणि स्वतःची कमाई आहे, अशा तिशीतल्या इंजिनिअरला तीन महिने अमेरिकेत जाऊन छंदाचा परवाना घेऊन येणे खुशाल परवडेल. पण वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांवर, 'पुढचे पुढे पाहू' म्हणून खासगी परवान्यासाठी निघालेल्या मुलाला घरच्यांनी थोडे थांबवावे. थांबवावे म्हणजे स्वप्न मोडावे असे नव्हे. वैद्यकीय तपासणी, गोंदियाची एक फेरी, शिकून परतलेल्यांशी गप्पा आणि दीडपट खर्चाचा कागद, एवढी चार कामे मुलाने स्वतः करून दाखवावीत. ती करतानाच त्याची ओढ किती खरी आहे हे घरच्यांना कळेल आणि त्यालाही कळेल. मग शाळा भारतात असो वा ॲरिझोनात, आई-वडील त्याला विमानतळावर निश्चिंत मनाने निरोप देऊ शकतील.